डोमेनचे डीएनएस रेकॉर्ड: पुण्यातले व्यावसायिक आम्हाला वारंवार विचारतात ते प्रश्न

आमचं दोन टेबलांचं ऑफिस नव्या पेठेत आहे. वेबसाइट बनवणारे वेगळे. आम्ही ती बिघडल्यावर फोन येतो ते. फोनवर तेच ते प्रश्न असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून टाकली. उदाहरणात सगळीकडे ‘अमुकदुकान.इन’ हे डोमेन आणि २०३.०.११३.२५ हा आयपी पत्ता घेतला आहे. हा पत्ता उदाहरणं देण्यासाठीच राखून ठेवलेल्या गटातला आहे, त्यावर कोणाचीही वेबसाइट नसते. कृपया तो जसाच्या तसा तुमच्या पॅनलमध्ये टाकू नका. एकाने टाकला होता.

डोमेन घेतलं, होस्टिंगचे पैसे भरले. आता हे डीएनएस आणखी काय?

डोमेन म्हणजे नाव, दरवर्षी पैसे भरून आपल्याकडे ठेवायचं. होस्टिंग म्हणजे वेबसाइटच्या फाइली जिथे राहतात ती जागा. मेल ही तिसरी गोष्ट, बहुतेक वेळा तिसऱ्याच कंपनीची. आणि या नावाचं कोणतं काम कोणत्या जागी चालतं हे सांगणारी वही म्हणजे डीएनएस. ब्राउझरला ‘अमुकदुकान.इन’ वाचून काही कळत नाही, त्याला आकडे लागतात, म्हणजे आयपी पत्ता. ते आकडे या वहीतून मिळतात.

सुरुवातीला नेटवर्कवरच्या सगळ्या यंत्रांची नावं एकाच फाइलमध्ये असायची. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ती सांभाळली जायची आणि बाकीचे तिची नक्कल उतरवून घ्यायचे. यंत्रं वाढली तशी ती फाइल आवरेना. १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएसचा आराखडा मांडला: एकच मोठी वही नको, ज्याने त्याने आपापलं पान सांभाळावं, वरच्याने फक्त ‘पुढचं अमक्याला विचारा’ एवढं सांगावं. तुमच्या डोमेनचं पान सांभाळणं तुमच्याकडे आहे, हे मात्र बऱ्याच जणांना डोमेन विकताना कोणी सांगितलेलं नसतं.

मग माझं पान आहे कुठे? डोमेन घेतलं तिथे की होस्टिंगवाल्याकडे?

तुमचे नेमसर्व्हर ज्यांचे, त्यांच्याकडे. नेमसर्व्हर म्हणजे तुमचं पान ठेवणारी आणि विचारणाऱ्याला ते वाचून दाखवणारी यंत्रं. हा प्रश्न नीट समजला तर पुढचे निम्मे प्रश्न पडणारच नाहीत, म्हणून जरा थांबून वाचा.

कोथरूडमधल्या एका गिऱ्हाइकाने मोबाइलवर अमुकदुकान.इन टाकलं. मोबाइल त्याच्या इंटरनेट कंपनीच्या रिझॉल्व्हरला, म्हणजे आपल्या वतीने पत्ता शोधून आणणाऱ्या यंत्राला, विचारतो. रिझॉल्व्हरला माहीत नसेल तर तो रूट सर्व्हरला, म्हणजे सगळ्यात वरच्याला, विचारतो. रूट सर्व्हरची नावं जगात तेराच आहेत, ए पासून एम पर्यंत. त्या नावांमागे यंत्रं मात्र शेकड्यांनी. रूट म्हणतो, ‘.इन’चं मला विचारू नका, त्यांचे सर्व्हर हे. ‘.इन’ची नोंदवही २००५ पासून निक्सीकडे, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडियाकडे आहे. ती म्हणते, अमुकदुकानचे नेमसर्व्हर हे दोन. आणि शेवटी ते नेमसर्व्हर सांगतात: २०३.०.११३.२५. इतकी विचारपूस होऊनही गिऱ्हाइकाला पापणी लवण्याइतकाही वेळ जाणवत नाही.

आता गोची बघा. रेकॉर्ड, म्हणजे पानावरची एकेक नोंद, बदलायची स्क्रीन डोमेनवाल्याच्या पॅनलमध्येही असते, होस्टिंगच्या पॅनलमध्येही असते आणि मध्ये क्लाउडफ्लेअर (डीएनएस सांभाळणारी आणखी एक कंपनी) घेतलं असेल तर तिथेही. तिन्हीकडे ‘सेव्ह’ दाबता येतं. तिन्हीकडे हिरवी खूण येते. जग वाचतं त्यातलं एकच. चुकीच्या स्क्रीनवर दोन तास रेकॉर्ड बदलत बसलेले लोक आम्हाला आठवड्याला एक तरी भेटतात, आणि त्यात इंजिनिअरही असतात.

तपासायला विंडोजच्या काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्ट) ‘एनएसलुकअप -टाइप=एनएस’ आणि पुढे आपलं डोमेन टाकायचं, अर्थात इंग्रजी अक्षरांत. जी नावं येतील, त्या कंपनीचं पॅनल खरं. बाकीची उघडूही नका.

ए, सीनेम, एमएक्स, टीएक्सटी… यातलं मला काय काय लागणार?

छोट्या दुकानाचं किंवा दवाखान्याचं पान साधारण एवढंच असतं:

@ | ए | २०३.०.११३.२५
डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू | सीनेम | अमुकदुकान.इन
@ | एमएक्स | १० | मेल कंपनीने दिलेलं नाव
@ | टीएक्सटी | एसपीएफची ओळ
डीकिमचं नाव | टीएक्सटी | लांबलचक की
_डीमार्क | टीएक्सटी | डीमार्कची ओळ

‘@’ म्हणजे पुढेमागे काही न लावलेलं तुमचं डोमेन. ए रेकॉर्ड नावाला आयपी पत्ता देतो. नव्या लांब पत्त्यांसाठी त्याचा भाऊ आहे, चार वेळा ए. सीनेम पत्ता देत नाही, ‘मी म्हणजे तोच, त्याला विचारा’ असं म्हणतो. एमएक्स फक्त मेलसाठी. त्यातला आकडा म्हणजे प्राधान्य, आणि तो उलटा चालतो: लहान आकडा आधी. शिवाय एमएक्समध्ये नाव लिहायचं असतं, आयपी पत्ता चालत नाही. टीएक्सटी म्हणजे नुसत्या मजकुराची ओळ; एसपीएफ, डीकिम, डीमार्क म्हणजे काय ते खाली स्पॅमच्या प्रश्नात येतं.

एक बारीक चूक इथे फार होते. नावाच्या रकान्यात फक्त ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ लिहायचं असताना लोक अख्खं ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू.अमुकदुकान.इन’ लिहितात. बरीच पॅनल त्याच्यापुढे डोमेन आपणहून जोडतात, आणि तयार होतं ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू.अमुकदुकान.इन.अमुकदुकान.इन’. हे नाव जगात कोणी टाइप करणार नाही. सेव्ह केल्यावर यादीत रेकॉर्ड कसा दिसतोय ते एकदा डोळ्यांनी वाचा.

डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावलं की साइट उघडते, नुसत्या नावाने उघडत नाही. असं का?

डीएनएसच्या लेखी ही दोन वेगळी नावं आहेत. एकाचा रेकॉर्ड आहे, दुसऱ्याचा नाही, इतकंच.

पण त्यात एक मेख आहे. आजकाल तयार साइट देणाऱ्या कंपन्या ‘आमच्या या नावाला सीनेम करा’ म्हणतात. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूला ते होतं, नुसत्या डोमेनला होत नाही. नियमच तसा आहे: ज्या नावावर सीनेम असतो त्या नावावर दुसरं काही ठेवता येत नाही, आणि नुसत्या डोमेनवर नेमसर्व्हरचे रेकॉर्ड असावेच लागतात, वर एमएक्सही असतो. काही डीएनएस कंपन्या ‘एलियास’ किंवा ‘सीनेम फ्लॅटनिंग’ नावाची सोय देतात, ती असेल तर वापरा. नसेल तर त्या कंपनीकडून आयपी पत्ता मागून ए रेकॉर्ड टाका.

नवी वेबसाइट चालू झाली आणि मेल बंद पडली. वेबसाइटचा आणि मेलचा काय संबंध?

काहीच नाही, आणि म्हणूनच ती बंद पडते.

लक्ष्मी रोडवरच्या साड्यांच्या एका दुकानाची गोष्ट सांगतो. नवरात्राच्या तोंडावर नवी साइट आली. बनवणाऱ्याने मालकांना फोनवर सांगितलं, ‘काका, नेमसर्व्हर तेवढे बदला, बाकी मी बघतो.’ काकांनी बदलले. साइट झकास उघडली, पेढेही वाटून झाले. तिसऱ्या दिवशी सुरतेच्या व्यापाऱ्याचा फोन: ‘तीन बिलं पाठवली, उत्तर का नाही?’ इकडे इनबॉक्स रिकामा, तिकडे मेल गेल्याची खूण. परत आलेली एकही मेल नाही.

झालं असं की नेमसर्व्हर बदलले म्हणजे एक रेकॉर्ड नाही, अख्खं पान बदललं. जुन्या पानावर मेल कंपनीचा एमएक्स होता. नव्या होस्टिंगने कोरं पान देताना आपल्या पद्धतीने एमएक्स लिहून ठेवला होता, स्वतःकडे बोट दाखवणारा. मेल येत होत्या. त्या होस्टिंगवरच्या एका पेटीत पडत होत्या, जी पेटी आहे हे दुकानात कोणालाच माहीत नव्हतं. ती उघडली तेव्हा आत एकशेचाळीसच्या वर मेल. काकांनी चष्मा पुसून एक एक वाचायला घेतली, त्यातली पहिली लाइट बिलाची आठवण होती.

म्हणून, कोणी ‘नेमसर्व्हर बदला’ म्हणालं की आधी विचारा, ‘नुसता ए रेकॉर्ड बदलून भागेल का?’ दहातल्या आठ वेळा भागतं. आणि बदलायचेच असतील तर जुन्या पॅनलमधली पूर्ण यादी आधी उतरवून घ्या, नव्या ठिकाणी ती सगळी टाका, आणि मगच नेमसर्व्हरला हात लावा. क्रम उलटा केलात तर मधल्या वेळातली मेल कुठे गेली हे शोधत बसावं लागेल.

यादी उतरवून घ्यायची म्हणजे कशी?

मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढला तरी चालेल. फक्त खालपर्यंत स्क्रोल करा, आणि लांब ओळी ‘…’ ने कापलेल्या असतील तर त्या उघडून घ्या. पॅनलमध्ये ‘झोन फाइल एक्स्पोर्ट’ असेल तर उत्तम.

रेकॉर्ड बदलला की ४८ तास थांबा म्हणतात. खरंच इतका वेळ लागतो?

बहुतेक वेळा नाही. ‘प्रोपगेशन’ या शब्दाने सगळा घोटाळा केला आहे. ऐकून वाटतं, बदल सर्व्हरवरून निघतो आणि हळूहळू जगभर पसरतो. तसं काही नसतं. तुमच्या नेमसर्व्हरवर बदल काही सेकंदांत किंवा मिनिटांत होतो. वेळ लागतो तो जुनं उत्तर विसरायला.

दुकान नारायण पेठेतून कर्वे रोडला हललं. कालच कोणी पत्ता विचारून चिठ्ठीवर लिहून घेतला असेल, तर तो आज नारायण पेठेतच जाणार. चिठ्ठी किती वेळ खरी मानायची हे प्रत्येक रेकॉर्डवर लिहिलेलं असतं, त्याला टीटीएल म्हणतात. आकडा सेकंदांत असतो: ३०० म्हणजे पाच मिनिटं, ३६०० म्हणजे तास, १४४०० म्हणजे चार तास, ८६४०० म्हणजे दिवस. ४८ तासांचा आकडाही हवेतून आलेला नाही. ‘.कॉम’च्या नोंदवहीत नेमसर्व्हरच्या नोंदींचा टीटीएल १,७२,८०० सेकंद आहे, म्हणजे बरोबर दोन दिवस. नेमसर्व्हर बदललेत तर दोन दिवस धरून चालणं योग्य; साधा ए रेकॉर्ड बदललात तर त्याचा स्वतःचा टीटीएल बघा.

यावरून कामाची युक्ती निघते. सर्व्हर बुधवारी हलवायचा असेल तर मंगळवारीच टीटीएल १४४०० वरून ३०० करून ठेवा. चार तासांत जुन्या चिठ्ठ्या संपतात, मग पुढे सगळे दर पाच मिनिटांनी विचारू लागतात. बुधवारी पत्ता बदलला की पाच-दहा मिनिटांत काम होतं. दोन दिवस सगळं ठीक चाललं की टीटीएल परत वाढवा. आणि टीटीएल कमी करून लगेच पत्ता बदलू नका, त्याने काही साधत नाही. जुन्या चिठ्ठीवर जुनीच मुदत लिहिलेली असते.

अजून एक, जे फारसं कोणी सांगत नाही. नवं सबडोमेन (डोमेनच्या आधी एखादा शब्द जोडलेलं नाव) तयार करण्याआधी ‘बघू तरी’ म्हणून ते ब्राउझरमध्ये उघडू नका. ‘असं नाव नाही’ हे उत्तरही रिझॉल्व्हर काही काळ लक्षात ठेवतो. मग तुम्ही रेकॉर्ड टाकता, साऱ्या गावाला साइट दिसते, आणि ज्याने उत्साहाने आधी उघडून पाहिली त्यालाच दिसत नाही. हा उत्साही माणूस बहुधा मालकच असतो.

मला नवी साइट दिसते, बंगळुरूला भावाला जुनीच. कोण बरोबर?

दोघंही. तुमच्या चिठ्ठ्या वेगवेगळ्या वेळी लिहिलेल्या आहेत. खात्री करायची तर ‘एनएसलुकअप’, डोमेनचं नाव आणि पुढे ८.८.८.८ किंवा १.१.१.१ टाकून बघा; पहिला गूगलचा रिझॉल्व्हर, दुसरा क्लाउडफ्लेअरचा. दोन्हींकडून नवा पत्ता आला तर भावाला वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर उघडायला सांगा.

आमच्या कोटेशनच्या मेल समोरच्याच्या स्पॅममध्ये जातात.

हल्ली सगळ्यात जास्त फोन याचेच. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. पाठवणाऱ्या प्रत्येक डोमेनला एसपीएफ किंवा डीकिम हवंच; जीमेलच्या खात्यांना दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना दोन्ही, शिवाय डीमार्क. तुम्ही दिवसाला वीसच मेल पाठवत असलात तरी तिन्ही करून टाका, अर्ध्या तासाचं काम आहे.

एसपीएफ म्हणजे ‘माझ्या नावाने मेल पाठवायची परवानगी यांना’ अशी एक टीएक्सटी ओळ. नेहमीची चूक अशी: मेल एका कंपनीची, बिलं पाठवणारं सॉफ्टवेअर दुसऱ्या कंपनीचं, दोघांनी ‘हा एसपीएफ टाका’ म्हणून आपापली ओळ दिली आणि तुम्ही दोन्ही टाकल्या. एका डोमेनला एसपीएफची ओळ एकच असते. दोन झाल्या की तपासणारा दोन्ही बाद धरतो, म्हणजे काही नव्हतं तेव्हा परिस्थिती जरा बरी होती. दोन्हींतले ‘इन्क्लूड’, म्हणजे कोणत्या कंपनीला परवानगी ते सांगणारे तुकडे, एका ओळीत आणा. त्यालाही मर्यादा आहे: ती ओळ तपासताना दहाच्या वर डीएनएस चौकश्या कराव्या लागल्या तर ओळ नापास. इन्क्लूडच्या आतले इन्क्लूडही त्यात मोजतात. गेल्या पाच वर्षांत वापरून सोडून दिलेल्या प्रत्येक न्यूजलेटर कंपनीचं नाव ओळीत राहिलेलं असतं, ती काढा.

डीकिम म्हणजे प्रत्येक मेलवर सही, आणि त्या सहीचा नमुना डीएनएसमध्ये. २०४८ बिटची की २५५ अक्षरांत मावत नाही, आणि टीएक्सटीमधल्या एका तुकड्याला मर्यादा तेवढीच. काही पॅनल ती आपणहून तोडतात, काहींत दोन अवतरणांत तोडून टाकावी लागते. ही की व्हॉट्सॲपवरून पाठवू नका. मध्येच ओळ तुटते, एखादं अक्षर गळतं, आणि मग चारशे अक्षरं डोळ्यांनी जुळवत बसायची पाळी येते. आम्ही बसलो आहोत.

डीमार्क सांगतो, हे दोन्ही नापास झालं तर समोरच्याने मेलचं काय करायचं. सुरुवात ‘नन’ने करा, म्हणजे फक्त अहवाल येतील. महिनाभर आपल्याच कोणत्या मेल अडकतात ते बघा, मग ‘क्वारंटाइन’, मग ‘रिजेक्ट’. पहिल्या दिवशी ‘रिजेक्ट’ लावणाऱ्याच्या पगाराच्या स्लिपा कोणालाच मिळत नाहीत.

एकाने ‘हा टीएक्सटी टाका, व्हेरिफिकेशनला लागतो’ असं सांगितलं. टाकू?

तुम्ही स्वतः चालू केलेल्या सेवेचा असेल तर टाका. अनोळखी फोनवरून सांगितला असेल तर नाही: तो टीएक्सटी म्हणजे ‘हे डोमेन माझं आहे’ असा पुरावा, आणि तो तुम्ही दुसऱ्याच्या हातात देताय.

देवनागरीतलं ‘.भारत’ डोमेन घ्यावं का?

हौसेने घ्या, पण एकटं घेऊ नका. देवनागरीतलं ‘.भारत’ ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झालं, मराठी, हिंदी, कोंकणी सगळ्यांना ते चालतं. डीएनएसच्या पोटात मात्र देवनागरी जात नाही. नावाचं ‘एक्सएन’ आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणारं इंग्रजी रूप होतं, आणि पॅनलमध्ये तेच दिसतं. घाबरू नका, हॅक झालेलं नाही. दुकानाच्या पाटीवर ते सुंदर दिसतं. मेलचा पत्ता मात्र त्यावर ठेवू नका, कित्येक फॉर्म तो घेतच नाहीत. ते मुख्य डोमेनकडे वळवून ठेवा.

आमची पतसंस्था आहे. बँकांसारखं ‘.बँक.इन’ मिळेल का?

नाही, ते फक्त बँकांना. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत तिकडे जायला सांगितलं होतं, आणि नोंदणी हैदराबादच्या आयडीआरबीटी या बँकिंग तंत्रज्ञानाच्या संस्थेकडून होते. नागरी सहकारी बँक असाल तर जुनं डोमेन सोडून देऊ नका. ते दुसऱ्याने घेतलं तर तुमच्या खातेदारांच्या मेल त्याच्या पेटीत जातील.

डोमेनची मुदत संपली. आता?

आजच पैसे भरा, हे पान नंतर वाचा. मुदत संपल्यावर सहसा काही दिवस नेहमीच्या दरात मिळतं. त्यानंतर ‘.कॉम’सारख्या डोमेनला तीस दिवसांचा रिडेम्प्शनचा काळ, त्यात दंड बराच मोठा. मग पाच दिवस कोणालाच हात लावता येत नाही, आणि मग ते बाजारात. नूतनीकरणाची आठवण येते कुठे? रजिस्ट्रारकडे, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीकडे, दिलेल्या मेलवर. आणि तो मेल त्याच डोमेनवरचा असेल तर डोमेन बंद होताच आठवणीही बंद. रजिस्ट्रारकडे नेहमी वेगळा, साधा जीमेलचा पत्ता द्या.

वेबसाइट बनवणाऱ्याने डोमेन स्वतःच्या खात्यात घेतलंय, फोन उचलत नाही.

पुण्यात ही तक्रार दर गल्लीत आहे, आणि दर वेळी तो माणूस लबाडच असतो असं नाही. कोणी दुबईला गेला, कोणी धंदाच सोडला. आधी बघा, नोंदणीत रजिस्ट्रंट, म्हणजे डोमेनचा धनी, म्हणून नाव कोणाचं आहे. तुमचं किंवा फर्मचं असेल तर कागदपत्रं दाखवून रजिस्ट्रारकडून ताबा मिळू शकतो. त्याचं असेल तर आधी गोडीगुलाबीने ट्रान्सफरचा कोड मागा, राहिलेले पैसे असतील तर देऊन टाका. तुमचा ट्रेडमार्क असेल आणि ‘.इन’ असेल तर निक्सीकडे लवादाची सोय आहे, पण ती शेवटची पायरी.

डीएनएसएसईसी चालू करू का?

चांगली गोष्ट आहे. त्यात डीएनएसच्या उत्तरांवर सही असते, म्हणजे मध्ये कोणी उत्तर बदललं तर कळतं. रूट २०१० पासून सह्या करूनच उत्तरं देतो. फक्त एक लक्षात ठेवा: ते चालू असताना नेमसर्व्हर बदललेत आणि रजिस्ट्रारकडचा जुना डीएस रेकॉर्ड (सही कोणाची हे ओळखायची नोंद) तसाच राहिला, तर सह्या जुळत नाहीत आणि सह्या तपासणाऱ्या रिझॉल्व्हरवर तुमची साइट गायब होते. न तपासणाऱ्यांवर दिसत राहते, म्हणून कारण सापडत नाही. आधी डीएस काढा, एक दिवस जाऊ द्या, मग नेमसर्व्हर.

जुने रेकॉर्ड पडून आहेत. राहू दे का?

मोजके राहिले तर बिघडत नाही, पण बंद केलेल्या सेवेकडे बोट दाखवणारे सीनेम नक्की काढा. मागच्या गणपतीत ‘उत्सव.अमुकदुकान.इन’ कुठल्यातरी क्लाउड सेवेवर केलं, नंतर खातं बंद केलं, सीनेम राहिला. तिकडचं तेच नाव उद्या दुसऱ्याने घेतलं तर तुमच्या नावाखाली त्याचं पान उघडेल. ही जुगाराच्या जाहिराती लावणाऱ्यांची आवडती युक्ती आहे.

बदल कोणत्या दिवशी करावा?

मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी. शुक्रवारी संध्याकाळी नको, बिघडलं तर सपोर्टला सोमवारपर्यंत कोणी भेटत नाही. आणि गुरुवारी तर नकोच. पुण्यात गुरुवार म्हणजे लाइट आणि पाणी, दोन्हीचं दुरुस्तीचं काम. रेकॉर्ड सेव्ह करता करता राउटर बंद पडला की सेव्ह झाला की नाही हेच कळत नाही.